टिपाड धुतलेलं होतं

साहेब, पंचनाम्यात तुम्ही लिहिलंत, "टिपाड अस्वच्छ असल्याने बागेचे नुकसान झाले." ते खोटं आहे. बाग टिपाडानं जाळली नाही, तुमच्या भिंतीनं जाळली. भिंतीवर तुम्ही एक आकडा रंगवून घेतलात आणि तो कशात मोजायचा हे विचारणाऱ्या माणसाला हसून गप्प केलंत. मग जीपमध्ये बसलात आणि गेलात. मी तेव्हा बोललो नाही. टिपाडाला तोंड असतं, पण लोक त्यात पाणी ओततात, कान लावत नाहीत. आता माझा तळ गेला आहे. पाणी कोणी ओतत नाही. म्हणून बोलतो.

मित्रांनो, मी एक जुनं टिपाड आहे. लोखंडी, दोनशे लिटरचं, पोटावर दोन उभार कड्या असलेलं. शहरातली मुलं मला ड्रम म्हणतात. जालना जिल्हा नवा झाला त्या एक्क्याऐंशी साली मी जालन्याच्या एका तेलमिलमध्ये सरकीच्या तेलानं गळ्यापर्यंत भरून उभा होतो. तेल विकलं गेलं आणि मी रिकामा झालो. मिलमध्ये कामाला असलेल्या भुजंगरावांनी मला मागून घेतलं. छिन्नीनं माझं झाकण कापलं. धारदार कड हातोडीनं आत दुमडली, कोणाचा हात कापू नये म्हणून. ट्रकवर टाकून राजूरच्या फाट्यावर उतरवलं आणि तिथून शेतापर्यंत ढकलत आणलं. मी गडगडत आलो तेव्हा वस्तीवरची कुत्री भुंकत मागे लागली होती.

भुजंगरावांची बायको झुंबरबाई विहिरीवर धुणं धूत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे रणगाडं कशाला आणलं?"

"पाणी साठवाया."

"मंग ऱ्हाऊ द्या हिरीपाशी. घरात आणलं तर मीच त्यात जाऊन बसन."

असं माझं स्वागत झालं. मी विहिरीपाशी राहिलो, तो आजवर तिथेच आहे.

पहिली काही वर्षं मी नुसतं पाणी धरलं. लग्नाच्या मांडवात गेलो, तेव्हा माझ्यावर ओलं पोतं गुंडाळलं आणि पाहुण्यांनी माझं पाणी गार म्हणून वाखाणलं. पुढे पाटाच्या दोन्ही अंगांना मोसंबी लागली. भुजंगराव मिलमध्येच होते, महिन्यातून एकदा येत. बाग झुंबरबाईनं वाढवली. हाताखाली तिचा दीर पुंजाराम आणि फवारणीला कडूबा, जो काम कमी करी असं नाही, पण बोले जास्त. बागेला औषध मारायचं ते माझ्यात कालवायचं. पायानं चालवायच्या पंपाची नळी माझ्यात सोडायची, एकानं पंप दाबायचा, दुसऱ्यानं लांब नळी घेऊन झाडामागून झाड भिजवायचं. अशी माझी खरी नोकरी सुरू झाली.

या नोकरीत मला एक मान होता. खंडेनवमीला घरातलं सगळं हत्यार धुऊन पुजतात. विळा, कुऱ्हाड, पांभर, पंप. झुंबरबाई माझीही पूजा करी. आधी सोड्यानं, मग राखेनं आतून-बाहेरून घासायची. आत वाकताना तिचं निम्मं अंग माझ्या पोटात जाई आणि तिथून तिचा आवाज घुमे, "कडूबा, पाणी वत, नुसता बघून काय राह्यला?" धुऊन झालं की माझ्या कपाळावर, म्हणजे वरच्या कडीखाली, कुंकवाची पाच बोटं. मग झेंडूची माळ. त्या दिवशी मला कोणी हात लावत नसे. हे लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

आता मोजण्याची गोष्ट. औषधाची भुकटी काही ग्रॅम लागते. किराणा दुकानातलं सगळ्यात लहान वजन पन्नास ग्रॅमचं. सोनाराकडे बारीक तराजू असतो, पण तो औषधाची पुडी दुकानाच्या पायरीवरही ठेवू देत नाही. मग लोकांनी आपलं माप काढलं. काडीपेटी. काड्या काढायच्या, भुकटी भरायची, वरून बोट फिरवून सपाट करायची. झाले पंधरा ग्रॅम. पाठीवरच्या पंपात पाणी मावतं पंधरा लिटर. बुरशीच्या औषधाला एका पंपाला एक पेटी. म्हणजे लिटरला एक ग्रॅम. त्या औषधाला हे माप बरोबर होतं. माझ्यात असे तेरा पंप मावतात, म्हणून टिपाडाला तेरा काडीपेट्या. गावातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेल.

हसलात? काडीपेटीनं औषध मोजतात म्हणून? हसू नका. ज्याला तराजू दिला नाही, त्यानं पेटीतून तराजू केला. त्यात चूक नव्हती. चूक कुठे झाली ते ऐका.

शहाण्णव साली, पावसाच्या तोंडी फुलणारा मृग बहार चांगला धरला होता. फळं लिंबापेक्षा मोठी झाली आणि गळायला लागली. सकाळी पाटाच्या दोन्ही अंगांना हिरव्या फळांचा सडा. झुंबरबाई रोज पदरात वेचायची आणि बांधावर ओतायची. अख्ख्या गावाच्या बागांत तेच. तेव्हा साहेब, तुम्ही शेतकी खात्याच्या जीपमधून आलात. आमच्या विहिरीसमोर सोसायटीचं गोदाम आहे, त्याच्या भिंतीवर तुमच्या माणसानं निळ्या रंगात मोठं लिहिलं, "मोसंबीची फळगळ थांबवा. टू-फोर-डी १५ पीपीएम फवारा." खाली पाणी किती, औषध किती, काही नाही. माणसं जमली. कडूबानं गर्दीतून विचारलं,

"साहेब, पीपीएम म्हंजी किती?"

"पंधरा."

"तसं न्हाई, पंधरा काय?"

"अरे पंधरा पीपीएम! लिहिलंय ना एवढं मोठं? डोळे आहेत का नाहीत?"

लोक हसले. कडूबाही हसला, कारण सगळे हसत असताना एकट्यानं न हसणं अवघड असतं. तो प्रश्न बरोबर होता, साहेब. तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असतं. तुम्ही चहा घेतलात.

तुम्ही गेल्यावर पुंजारामनं कडूबाच्या पाठीवर थाप मारली. "येड्या, पंधरा म्हंजी एक पेटी. एवढं न्हाई कळत? पंधराची पेटी, पंधराचा पंप, वर साहेबानं लिहिलं पंधरा. जुळलं का न्हाई?"

जुळलं. सगळं जुळलं. तिन्ही पंधरा एकमेकांत असे बसले की कोणाला शंकाच आली नाही. ज्यांच्या घरात काडीपेटीचं माप नाही, त्यांच्या हातून ही चूक होणारच नाही. आमच्याच हातून होणार होती, आणि भिंत लिहिण्याआधी आमच्या घरात डोकावणं हे तुमचं काम होतं.

खंडेनवमीला झुंबरबाईनं मला घासलं. दसऱ्याला आपट्याची पानं वाटून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यात तेरा काडीपेट्या टू-फोर-डी पडलं. मी औषध धरलं, जसं नेहमी धरतो. पाटाच्या अलीकडची बाग भिजवून झाली. मला पुन्हा भरायचं म्हणून विहिरीवरची मोटर चालू केली, तर लाइट गेली. पुंजारामनं वीज मंडळाच्या सात पिढ्या काढल्या. पलीकडची बाग कोरडी राहिली. मित्रांनो, लाइट गेल्याचं कोणाला बरं वाटत नाही. पण त्या दिवशी तिनं निम्मी बाग वाचवली.

दोन दिवसांत अलीकडच्या झाडांचे कोवळे शेंडे वळायला लागले. पानं आत मुडपली, देठ पिळल्यासारखे झाले. मग पानं पिवळी. मग फळं, जी धरायची म्हणून औषध मारलं, ती सगळी खाली. झुंबरबाई एका झाडापाशी उभी राहून पानं उलगडायला बघत होती. मिटलेली मूठ उघडावी तसं एक-एक पान. ते पुन्हा मिटायचं.

तुम्ही पंचनाम्याला आलात. झाडांकडे पाहिलंत, गोदामाच्या भिंतीकडे पाहिलं नाहीत. सरळ माझ्याकडे आलात. वाकून वास घेतलात.

"यात तणनाशक होतं. वास येतोय. टिपाड न धुता वापरलंय तुम्ही."

"म्या धुतलंय," झुंबरबाई म्हणाली. "खंडेनवमीला."

"मावशी, धुतलं असतं तर वास कसा आला असता?"

साहेब, वास येणारच होता! तुम्ही मारायला सांगितलेलं औषधच तणनाशक आहे. तेच औषध थोडं असलं तर फळाचा देठ धरून ठेवतं आणि फार झालं तर झाड मारतं. थोडं की फार, एवढाच सगळा खेळ. आणि ते थोडं म्हणजे किती, हेच तुम्ही सांगितलं नव्हतं. माझ्या कपाळावर कुंकवाची पाच बोटं अजून ओली वाटावीत इतकी लाल होती. तुमचं नाक आत गेलं, पण डोळे कडीखाली गेले नाहीत. लिहिलंत, टिपाड अस्वच्छ. पुंजारामनं खाली सही केली आणि तुम्ही गेलात.

मला राग आला तो माझी बदनामी झाली म्हणून नाही. लोखंडाला बदनामीचं काय? राग आला तो पुढच्या गोष्टीचा. टिपाड वाईट असेल तर उपाय सोपा. पुंजारामनं भोकरदनहून निळं प्लॅस्टिकचं नवं टिपाड आणलं. माझ्या शेजारी ठेवलं आणि म्हणाला, "आता पलीकडची मारून घेऊ. नव्यात वास न्हाई, घाण न्हाई. तेच माप, तेरा पेट्या."

तेच माप! मी ओरडलो असतो. निम्मी बाग गेली होती, आता उरलेली निम्मी जाणार होती, आणि सगळे खुशीत होते, कारण गुन्हेगार सापडला होता.

एकटी झुंबरबाई खूश नव्हती.

"भाऊजी, थांबा."

"वहिनी, तिकडं फळं गळून राह्यली. कशाला थांबायचं?"

"टिपाड म्या धुतलंय."

"पुन्हा तेच! साहेबानं कागदावर लिहून दिलं ना?"

"साहेबाचं निम्मं अंग गेल्तं का त्यात? माझं गेल्तं. म्या धुतलंय. मंग टिपाडाचा दोष न्हाई. मंग दुसऱ्या कशाचा हाय, ते कळल्याबिगर पलीकडं एक थेंब पडायचा न्हाई."

कडूबा म्हणाला, "वहिनी, तुमी टिपाडाच्या वकील झाल्या का?"

"व्हय, झाले. तू पीपीएमचा हो."

पुंजाराम चिडला. बाई हट्टाला पेटली, फळं सगळी गेल्यावर बसा टिपाडाची पूजा करत, असं बरंच बोलला. ती ऐकून घेत एक काडीपेटी घेऊन बसली. भुकटी भरली, बोट फिरवलं, पेटी रुमालात बांधली आणि दुसऱ्या दिवशी भाड्याच्या काळ्या-पिवळ्या जीपनं बदनापूरला गेली. तिथे फळांवर संशोधन करणाऱ्यांचं केंद्र आहे, एवढंच तिला माहीत होतं.

दिवस कलल्यावर आली. घरात न जाता सरळ विहिरीवर. माझ्या कडेवर हात टेकून दम घेतला. पुंजाराम आणि कडूबा तिथेच होते.

"तिथं अरुंधतीबाई म्हणून हायेत. त्यांच्या म्होरं पेटी ठिवली. म्हणलं, बाई, अशा तेरा एका टिपाडात टाकल्या. त्या खुर्चीवरनं उठल्याच. म्हणल्या, तुमी फवारणी केली का बाग पेटवून दिली?"

"मंग किती टाकायचं?" पुंजाराम म्हणाला.

तिनं पिशवीतून कागदाच्या लहान लहान पुड्या काढल्या. त्यातली एक त्याच्या तळहातावर ठेवली. चिमूटभर भुकटी.

"एका टिपाडाला एक पुडी."

"एका झाडाला?"

"टिपाडाला."

पुंजाराम पुडीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग पुन्हा पुडीकडे. "ह्यानं तर डास बी मरायचा न्हाई."

"मारायचं कुठं हाय? धरायचं हाय."

मग तिनं जसा समजून आणला होता तसा हिशेब सांगितला. मित्रांनो, मी तो त्या दिवशी ऐकला आणि तुम्हाला सांगतो, कारण तुमच्या गावाच्या भिंतीवरही कधीतरी कोणी नुसता आकडा लिहून जाईल.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग. पंधरा पीपीएम म्हणजे दहा लाखात पंधरा. आता दहा लाख कुठून आणायचे? एक लिटर पाणी घ्या. त्याचं वजन एक किलो. किलोत हजार ग्रॅम, प्रत्येक ग्रॅममध्ये हजार मिलिग्रॅम. हजार गुणिले हजार, दहा लाख. म्हणजे एका लिटर पाण्यातच दहा लाख मिलिग्रॅम बसलेले आहेत. त्यात पंधरा भाग औषध म्हणजे लिटरला पंधरा मिलिग्रॅम. माझ्यात दोनशे लिटर. दोनशे गुणिले पंधरा, तीन हजार मिलिग्रॅम. हजारानं भागा. तीन ग्रॅम. ही ती पुडी.

कोणाकडे टिपाड नसेल, हौद असेल तर? एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल हौदात हजार लिटर पाणी मावतं. त्याला पंधरा हजार मिलिग्रॅम, म्हणजे पंधरा ग्रॅम. लिटरला जितके मिलिग्रॅम, घनमीटरला तितकेच ग्रॅम. आकडा बदलत नाही, फक्त भांडं हजारपट मोठं आणि वजन हजारपट मोठं. म्हणजे पुंजारामची ती एक काडीपेटी चुकीची नव्हती. ती हौदाची होती. त्यानं पंपाला टाकली.

आणि आमच्या हातून किती पडलं? तेरा पेट्या, पेटीला पंधरा, एकशे पंच्याण्णव ग्रॅम. पाहिजे होते तीन. पासष्टपट. लिटरला पंधरा मिलिग्रॅम हवे होते, तिथे जवळजवळ हजार गेले. पासष्ट जणांचं मीठ एका ताटात वाढलं तर जेवणारा काय म्हणेल? ताट खरकटं होतं म्हणेल का?

पुंजारामनं पुडी परत वहिनीच्या हातात दिली. मग त्यानं निळं टिपाड बाजूला सरकवलं.

"ह्यातच कालवू," तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "वहिनींनी धुतलंय."

माझ्या आयुष्यात माझी एवढी मोठी स्तुती कोणी केली नाही.

झुंबरबाईनं मला परत राखेनं घासलं. पुडी आधी तांब्यात विरघळवली, मग माझ्यात ओतली आणि कडुनिंबाच्या काठीनं ढवळली. पाटाच्या पलीकडची बाग भिजली. सगळे रोज शेंडे बघायला जात. शेंडे सरळ राहिले. फळगळ हळूहळू थांबली. पलीकडे फळ पिकलं, अलीकडे पुढची कितीतरी वर्षं वाळक्या फांद्या छाटाव्या लागल्या आणि काही झाडं मुळासकट काढावी लागली. पाट मधोमध होता. एका अंगाला तीन ग्रॅम, दुसऱ्या अंगाला एकशे पंच्याण्णव. यापेक्षा स्पष्ट पंचनामा कोणता असतो?

झुंबरबाई तुम्हाला भेटायला आली होती, साहेब. हिशेब सांगितला. म्हणाली, टिपाडाचं नाव काढा आणि भिंतीवर खाली एक ओळ लिहा. तुम्ही म्हणालात, "झालं ते झालं मावशी, आता कशाला उकरता?" तिला काही उकरायचं नव्हतं. गावात अजून बागा होत्या आणि भिंत तशीच उभी होती.

तुम्ही लिहिलं नाहीत, तेव्हा तिनं लिहून घेतलं. बैलांची शिंगं रंगवून उरलेला तांबडा रंग होता. कडूबानं माझ्या पोटावर, दोन कड्यांच्या मधे, वाकड्या अक्षरात लिहिलं: "१५ पीपीएम. या टिपाडाला ३ ग्रॅम. काडीपेटी नाही." नंतर आजूबाजूचे लोक फवारणीच्या आधी विहिरीवर येत, मला वाचत आणि जात. भिंत समोरच होती. लोक तिच्याकडे पाठ करून मला वाचत.

आता दोन हजार साल उलटूनही कितीतरी वर्षं झाली. माझा तळ गंजून पडला. निळी टिपाडं घरोघर झाली. मला आडवं पाडलं आहे, माझ्यात दुपारी कोंबड्या सावलीला बसतात. झुंबरबाई म्हातारी झाली, तरी खंडेनवमीला काठी टेकत येते आणि कडीखाली पाच बोटं ओढते. नातू म्हणतो, भंगारवाल्याला देऊन टाकू. ती म्हणते, "अक्षरं पुसून दे, मंग दे." अक्षरं पुसायला कोणी धजत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मला तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याच्या आधी दुसरं सांगतो. आकडा दिसला की त्याला विचारा, तू कशातला? ग्रॅमचा की मिलिग्रॅमचा, लिटरला की टिपाडाला? विचारताना कोणी हसलं तर हसू द्या. तुम्ही हसू नका. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

आणि साहेब, तुमच्यासाठी भिंत अजून तिथेच आहे. निळा रंग उडाला, पण उन्हात "१५ पीपीएम" वाचता येतं. खालची जागा रिकामी आहे. कडूबा म्हातारा झाला आहे आणि त्याला तुमच्याकडून अजून उत्तर मिळालेलं नाही. त्यानं विचारलं तेच मी विचारतो, आणि या वेळी कोणी हसत नाही.

पंधरा काय? एका टिपाडाला किती? बोला.